कॅनडात बँकेच्या चिल्लरमधून जुनी चांदीची नाणी शोधणे : जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे

दांडियाबाजारकर (बडोदा) :

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी आणि जावई कॅनडात ब्रॅम्प्टनला स्थायिक आहेत आणि या उन्हाळ्यात आम्ही उभयता काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहोत. मला जुन्या नाण्यांचा नाद आहे. संग्रहात मुख्यतः गायकवाडी नाणी आहेत, म्हणजे बाबाशाही रुपये आणि सयाजीराव महाराजांच्या छबीचे रुपये. त्याखेरीज इंग्रजी अमदानीतले राणीछाप आणि राजाछाप रुपयेही बरेच जमले आहेत. परदेशी नाण्यांच्या वाटेला मी आजवर गेलो नव्हतो. परंतु जावयांनी सांगितले की, तिकडे पुष्कळ हौशी मंडळी बँकेतून नाण्यांचे बांधलेले रोल दर्शनी किमतीला विकत घेतात, घरी बसून एकेक नाणे तपासतात, त्यातले चांदीचे किंवा संग्रहयोग्य असेल तेवढे ठेवून बाकीचे पुन्हा बँकेत भरतात. सहा महिने टीव्हीसमोर बसून काढण्यापेक्षा हा उद्योग मला बरा वाटतो.

मुख्य शंका अशी की, हे करणे रीतसर आहे का आणि बँकवाले त्याला हरकत घेतात का? दुसरे म्हणजे, कॅनडाच्या कोणत्या सालापर्यंतच्या नाण्यांत चांदी होती आणि ती चटकन कशी ओळखावी? माझ्या डोळ्यांना आता बारीक अक्षरे सोसत नाहीत. शेकडो नाण्यांवरील साल भिंगातून वाचत बसणे मला झेपणार नाही. सापडलेली नाणी भारतात आणताना काही अडचण येते का, आणि इथली दोन-चार जादा बाबाशाही नाणी तिकडच्या संग्राहकांशी अदलाबदल करण्यासाठी बरोबर नेली तर चालेल का, हेही कृपया सांगावे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. कॅनडाहून येणाऱ्या नातेवाइकांनी वेळोवेळी दिलेल्या तिथल्या चिल्लरचा एक डबा आमच्याकडे भरलेला आहे, कारण बडोद्यातले विदेशी चलन बदलून देणारे नोटा घेतात पण नाण्यांना हात लावत नाहीत. त्या डब्यात काही निघण्याची शक्यता आहे का?

रावपुऱ्याची लेक (मिसिसागा) :

नमस्कार काका. माझे माहेर रावपुऱ्यात, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देते.

बँकेतून नाण्यांचे रोल घेणे पूर्णपणे रीतसर आहे. आपण पैसे देऊन पैसेच घेत असतो, त्यात गैर काहीच नाही. मात्र खाते असलेल्यालाच रोल देण्याकडे बँकांचा कल असतो. परक्या माणसाला नकार तरी मिळतो किंवा शुल्क तरी पडते, म्हणून मुलीबरोबर जाऊन तिच्याच खात्यातून व्यवहार करावा. दहा सेंटच्या म्हणजे डाइमच्या रोलमध्ये ५० नाणी असतात आणि त्याचे पाच डॉलर होतात. पंचवीस सेंटच्या म्हणजे क्वार्टरच्या रोलमध्ये ४० नाणी असतात आणि त्याचे दहा डॉलर होतात. टेलरला, म्हणजे बँकेच्या काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला, आधीच विचारावे की ग्राहकांनी हाताने कागदात गुंडाळून भरलेले रोल आहेत का. यंत्राने प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या रोलपेक्षा त्यांच्यात काही निघण्याची शक्यता अधिक असते, कारण आजोबांच्या पश्चात घरातली जुनी बरणी कुणीतरी न पाहता रिकामी केलेली असते ती असल्याच रोलमधून बँकेत येते. तपासून झालेली नाणी मात्र घेतली त्या शाखेत परत करू नयेत. एक तर तीच नाणी फिरून आपल्याच हाती पडतात, आणि दुसरे म्हणजे काउंटरवरची माणसे मनातून वैतागतात. एका शाखेत मला अगदी तोंडावर सांगण्यात आले की, तुमच्या या खेळासाठी आम्ही बसलेलो नाही. त्यानंतर मी घ्यायची शाखा आणि भरायची शाखा वेगळी ठेवते, आणि महिनाअखेरीच्या गर्दीत कुठेच जात नाही.

आता चांदीविषयी. कॅनडाची चांदीची नाणी १८५८ पासून पडू लागली आणि १९१९ पर्यंत त्यांच्यात ९२.५ टक्के चांदी होती. १९२० पासून ते प्रमाण ८० टक्क्यांवर आले. १९६७ साली चांदी महागल्यामुळे डाइम आणि क्वार्टर ही दोन नाणी वर्षाच्या मध्यातच ५० टक्क्यांवर आणली गेली, आणि १९६८ च्या ऑगस्टपासून चांदी बंद होऊन त्यांच्या जागी शुद्ध निकेलची नाणी आली. अर्धा डॉलर आणि डॉलर ही नाणी १९६७ पर्यंत ८० टक्के चांदीची आहेत आणि १९६८ पासून निकेलची, तीही आकाराने लहान. पाच सेंटच्या नाण्याच्या नादी चांदीसाठी लागू नये. ते १९२२ पासूनच निकेलचे झाले आणि त्याआधीचे इवलेसे चांदीचे नाणे रोलमध्ये येत नाही.

डोळ्यांची अडचण आपण मांडली आहे, तिच्यावर कॅनडापुरता एक नामी उपाय आहे आणि तो म्हणजे लोहचुंबक. निकेल हा धातू चुंबकाला चिकटतो. १९६८ नंतरचे निकेलचे डाइम व क्वार्टर चिकटतात, २००० नंतर पोलादावर मुलामा देऊन केलेले तर चिकटतातच, आणि चांदीचे मात्र चिकटत नाहीत. त्यामुळे रोल ताटात ओतावा, वरून साधा फ्रिजवर लावायचा चुंबक फिरवावा आणि ताटात जे मागे उरेल तेवढ्याचेच साल वाचावे. अमेरिकेत ही युक्ती कुचकामी ठरते, कारण तिथली हल्लीची नाणी तांबे-निकेलच्या मिश्रणाची असल्यामुळे चांदीसारखीच चुंबकाला दाद देत नाहीत. याच कारणाने आपल्या ताटात मागे उरणाऱ्यांपैकी बहुतेक नाणी अमेरिकेची निघतील, कारण ती कॅनडाच्या चिल्लरमध्ये सर्रास मिसळलेली असतात. तीही लगेच बाजूला टाकू नयेत. अमेरिकेचे १९६४ पर्यंतचे डाइम आणि क्वार्टर ९० टक्के चांदीचे आहेत.

रोल फोडण्यापूर्वी तो उजेडात आडवा धरून नाण्यांच्या कडाही पाहाव्यात. पोलादी नाण्यांच्या करड्या ओळीत चांदीची कड पांढरी आणि किंचित मऊसर दिसते. एकदा नजर बसली की लांबूनही कळते.

तरीही फार मोठी अपेक्षा ठेवून येऊ नका, असे मी आपल्याला सांगेन. चांदी बंद झाल्याला अर्धशतक उलटून गेले आहे. १९७९-८० मध्ये चांदीचा भाव आभाळाला भिडला तेव्हा लोकांनी घरोघरची जुनी नाणी काढून विकली, आणि २००४ पासून तर कॅनडाची टांकसाळच एका योजनेखाली जुन्या धातूंची नाणी चलनातून वेचून बाहेर काढते आहे. त्यामुळे आता चांदीच काय, जुने निकेलचे नाणेसुद्धा पूर्वीइतके दिसत नाही. रोलमागून रोल कोरे जातात. मला स्वतःला हे काम कमाईपेक्षा सवडीच्या वेळी हात गुंतवायला आवडते, आणि तेवढ्यापुरते ते उत्तम आहे.

मांडवीचा सराफ (बडोदा) :

ताईंनी धातूची माहिती अचूक दिली आहे. मी केवळ वजनाची बाजू सांगतो, कारण ती आपल्याकडच्या माणसाला फार सोपी पडते.

कॅनडाच्या ८० टक्के चांदीच्या डॉलरचे वजन २३.३३ ग्रॅम आहे, अर्ध्या डॉलरचे ११.६६, क्वार्टरचे ५.८३ आणि डाइमचे २.३३. हे आकडे परके वाटतील, पण त्यांच्याकडे तोळ्याच्या हिशेबाने पाहा. डॉलर म्हणजे बरोबर दोन तोळे, अर्धा डॉलर एक तोळा आणि क्वार्टर अर्धा तोळा. आपला राणीछाप रुपयाही एक तोळ्याचाच होता, म्हणजे काट्यात एका पारड्यात तो आणि दुसऱ्यात कॅनडाचा अर्धा डॉलर टाकला तर दोन्ही पारडी सारखी राहतील. फरक हिणाचा आहे. राणीछाप रुपयात बाराला अकरा भाग चांदी, म्हणून तिचे वजन १०.६९ ग्रॅम भरते. कॅनडाच्या अर्ध्या डॉलरमध्ये ती ९.३३ ग्रॅमच असते. हिशेबाला सोपे सूत्र असे की, १९२० ते १९६६ या काळातली एक डॉलर दर्शनी किमतीची नाणी, मग ते दहा डाइम असोत वा चार क्वार्टर, एकत्र वितळवली असती तर त्यांतून १८.६६ ग्रॅम चोख चांदी निघाली असती.

१९६७ च्या डाइम आणि क्वार्टरच्या बाबतीत घोटाळा आहे. त्या वर्षी ८० टक्के आणि ५० टक्के अशी दोन्ही प्रकारची नाणी पडली; दोहोंचे ठरलेले वजन एकच, छापही एकच आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. म्हणून व्यवहारात त्या सालचे नाणे कुणी पूर्ण ८० टक्क्यांच्या भावाने घेईल, असे गृहीत धरू नये.

‘वितळवली असती तर’ असे मी मुद्दामच लिहिले. कॅनडाच्या चलन कायद्याप्रमाणे तिथले चालू, कायदेशीर नाणे मंत्र्यांच्या परवान्याशिवाय वितळवणे किंवा मोडणे हा गुन्हा आहे, आणि ही जुनी चांदीची नाणी आजही तिथे कायदेशीर चलनच आहेत. तेव्हा काकांनी नाणी आटवून लगड करून आणण्याचा विचार मनातही आणू नये. नाणे म्हणूनच घ्यावे आणि नाणे म्हणूनच विकावे.

भारतात आणण्याविषयी दोन वेगवेगळ्या गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे भारतात राहणाऱ्या कुणालाही परदेशी नाणी कितीही जवळ बाळगता येतात. मर्यादा आहे ती नोटांना. परंतु विमानतळावरचा सीमाशुल्क विभाग चांदीकडे चांदी म्हणून पाहतो, आणि दागिन्यांखेरीज अन्य कोणत्याही रूपातली चांदी प्रवाशाच्या करमुक्त सामानात मोडत नाही. मूठभर नाण्यांसाठी कुणी अडवून धरील असे नाही, पण किलोच्या हिशेबात माल असेल तर तो आपणहून जाहीर करावा आणि निघण्यापूर्वी त्या वेळचा चालू नियम वाचून घ्यावा.

बाबाशाही नाणी मात्र कृपा करून बरोबर नेऊ नका. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यात पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. अदलाबदल करायचीच असेल तर त्यासाठी स्वतंत्र भारताची १९५० नंतरची नाणी न्यावीत.

कारेलीबागचा संग्राहक (बडोदा) :

सराफ महोदयांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने योग्यच आहे, पण नाण्याकडे केवळ ग्रॅम आणि तोळे म्हणून पाहण्याला माझा आक्षेप आहे. बँकेच्या रोलमध्ये चांदी दुर्मीळ झाली, हे ताईंनी सांगितलेच. मग जे मिळण्याजोगे आहे त्याकडे का पाहू नये?

उदाहरणार्थ, कॅनडाच्या १९४७ च्या नाण्यांचा आपल्याशी थेट संबंध आहे. तिथल्या नाण्यांवर सहाव्या जॉर्जच्या मुखवट्याभोवती ‘एट इंड इम्प’ अशी लॅटिन अक्षरे असत, म्हणजे राजाच्या नावापुढे ‘आणि हिंदुस्थानचा सम्राट’. ऑगस्ट १९४७ मध्ये आपण स्वतंत्र झालो आणि ती बिरुदावली नाण्यावरून काढणे भाग पडले. नवे ठसे लंडनहून यायचे होते आणि ते वेळेवर आले नाहीत, पण नाण्यांची मागणी थांबेना. म्हणून १९४८ उजाडल्यावरही ओटावाच्या टांकसाळीने १९४७ च्याच ठशांवर सालाशेजारी एक इवलेसे मेपलचे पान कोरून नाणी पाडली. पुढे नवे ठसे आले तेव्हा वर्षाचा बराच भाग सरला होता, त्यामुळे १९४८ च्या चांदीच्या डॉलरची संख्या अवघी १८,७८० राहिली आणि आज कॅनडाचे संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात. तो डॉलर रोलमध्ये मिळणार नाही. परंतु पान असलेला १९४७ चा एक सेंट फारसा महाग नाही आणि तिथल्या नाणेविक्रेत्याकडे सहज मिळतो. आपला स्वातंत्र्यदिन दुसऱ्या देशाच्या नाण्यावर असा उमटलेला आहे. राजाछाप रुपयांच्या संग्रहात त्याच्याशेजारी ठेवायला याहून चांगली जोड मला सुचत नाही.

रोलमध्ये खरोखर मिळू शकणारी नाणीही आहेत. १९९१ चा क्वार्टर केवळ ४,५९,००० एवढाच पडला, म्हणून निकेलचा असूनही तो बाजूला काढावा. १९७३ च्या क्वार्टरवर घोडेस्वार पोलीस आहे. त्याच्या दुसऱ्या बाजूचा राणीचा मुखवटा बहुतेक नाण्यांवर लहान आहे, पण फार थोड्यांवर जुन्या पद्धतीचा मोठा राहून गेला आहे आणि तो प्रकार मौल्यवान आहे. २००४ चा लाल पॉपी फुलाचा क्वार्टर हे चलनात आलेले जगातले पहिले रंगीत नाणे. ते दुर्मीळ नाही, पण रंग न खरवडलेला नमुना सापडल्यास जपावा. पाच सेंटच्या रोलमध्ये युद्धकाळातली बाराकोनी नाणी अधूनमधून येतात. निकेल तोफा-चिलखतांना हवे होते म्हणून १९४२ व १९४३ मध्ये ती तांबे आणि जस्ताच्या टॉम्बॅक नावाच्या तांबूस मिश्रधातूची केली गेली, आणि १९४३ ते १९४५ च्या नाण्यांवर विजयाचा ‘व्ही’ असून काठाला मोर्स लिपीत एक वाक्य आहे : मनापासून काम करू तेव्हा जिंकू, अशा आशयाचे. टिंबे आणि रेघा भिंगाखाली स्पष्ट दिसतात. चुंबक फिरवून बाजूला सारणाऱ्याला या गंमती कशा दिसणार?

नोटांविषयीही थोडे लिहितो, कारण नातेवाइकांच्या पाकिटांत त्या पडून असतात. एक डॉलरची नोट १९८९ साली आणि दोन डॉलरची १९९६ साली देणे बंद झाले. त्यांच्या जागी नाणी आली. १ जानेवारी २०२१ पासून १, २, २५, ५०० आणि १००० डॉलरच्या नोटा कायदेशीर चलन राहिलेल्या नाहीत. दुकानदार त्या नाकारू शकतो, पण बँक ऑफ कॅनडा त्यांची दर्शनी किंमत आजही देते. संग्रहाच्या दृष्टीने १९५४ च्या मालिकेतल्या सुरुवातीच्या नोटा पाहाव्यात. तिच्यात राणीच्या केसांच्या बटांमध्ये सैतानाचा चेहरा दिसतो अशी ओरड झाली आणि १९५६ मध्ये चित्रात त्या बटा गडद करण्यात आल्या. क्रमांकाच्या आधी तारा असलेली नोट म्हणजे छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली बदली नोट. तिला अधिक भाव येतो. एक डॉलरच्या १९६७ च्या शताब्दी नोटेवर काही वेळा क्रमांकाच्या ऐवजी ‘१८६७-१९६७’ एवढेच छापलेले असते. ती पाहून लोक हरखतात, पण ती मुबलक आहे.

आणि नाणी धुऊ नका. चिंच, रिठा, दंतमंजन, काहीही नको. काळवंडलेल्या नाण्याचा मूळ पापुद्रा गेला की संग्राहक त्याला हात लावत नाही आणि मग ते खरोखरच तोळ्याच्या भावाचे उरते.

मांडवीचा सराफ (बडोदा) :

शेवटच्या मुद्द्यावर माझी पूर्ण सहमती आहे. आमच्याकडे जुने राणीछाप रुपये घेऊन येणारी मंडळी ते आधी रांगोळीने घासून लख्ख करून आणतात, आणि आम्हाला मान खाली घालून वजनाचा भाव सांगावा लागतो. बाकी चुंबकाविषयी आपण जो आक्षेप घेतला तो मला पटत नाही. ज्यांची नजर अधू आहे त्यांनी आधी चुंबक फिरवावा आणि मग जेवढे बाजूला पडेल तेवढे नातवंडांकडून वाचून घ्यावे. दोन्ही कामे होतात.

दांडियाबाजारकर (बडोदा) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण लिहिलेले वाचून राहवले नाही, म्हणून घरातला डबा काढला आणि कपाटाच्या दाराचा चुंबक काढून परातीतल्या नाण्यांवरून फिरवला. बहुतेक सगळी नाणी चुंबकाला झुंबडीने जाऊन चिकटली. मागे उरली ती अमेरिकेची काही नाणी, सगळी १९६५ नंतरची. कॅनडाची १९८० च्या दशकातली पाच सेंटची काही नाणी. एक १९६७ चा क्वार्टर, ज्याच्यावर पुढचा पंजा उचललेले रानमांजर आहे. आणि एक १९६८ चा डाइम. हा डाइम मी मांडवीला काट्यावर घातला तेव्हा तो २.३१ ग्रॅम भरला.

मात्र १९६८ चाच आणखी एक डाइम चुंबकाला चिकटलेल्या ढिगात सापडला. दोहोंवर जहाज तेच, राणी तीच. एकाच सालची एक चिकटते आणि एक चिकटत नाही, याचा अर्थ मला समजला. परंतु चिकटलेल्या नाण्याची कड न चिकटलेल्यापेक्षा काहीशी वेगळी भासते. हा झिजेचा परिणाम म्हणावा की आणखी काही आहे? शिवाय पाच सेंटची नाणी का चिकटली नाहीत, त्यांच्यात तर चांदी असायला नको.

रावपुऱ्याची लेक (मिसिसागा) :

अभिनंदन काका! इथे अनेक लोक रोल फोडून फोडून थकतात आणि आपल्याला डब्यातच सापडले.

पाच सेंटचे कारण साधे आहे. १९८२ पासून २००० च्या सुमारापर्यंत ते नाणे निकेलऐवजी तांबे-निकेलच्या मिश्रणाचे होते आणि ते मिश्रण चुंबकाला चिकटत नाही. त्यात चांदी नाही.

न चिकटलेला २.३१ ग्रॅमचा डाइम निःसंशय चांदीचा आहे. ठरलेले वजन २.३३ आणि बाकीची तूट झिजेची. निकेलचा डाइम २.०७ ग्रॅमच भरतो, त्यामुळे काट्यावर गफलत होण्याची भीती नाही. ५० टक्के चांदी असल्याने त्यात १.१७ ग्रॅम चांदी आहे. रानमांजराचा १९६७ चा क्वार्टर कॅनडाच्या शताब्दीनिमित्त ॲलेक्स कोलव्हिल या चित्रकाराने केलेल्या संचातला आहे. त्याच संचात सेंटवर पारवा, पाच सेंटवर ससा, डाइमवर बांगडा मासा, अर्ध्या डॉलरवर लांडगा आणि डॉलरवर हंसजातीचा पक्षी आहे. संपूर्ण संच जमवण्याचा छंद इथे फार जणांना आहे, आणि आपल्याला एक नाणे आधीच मिळाले आहे.

चिकटलेल्या १९६८ च्या डाइमच्या कडेविषयी आपले निरीक्षण अचूक आहे आणि तो झिजेचा परिणाम नसावा. त्या वर्षी निकेलची नाणी एकदम मोठ्या संख्येने हवी होती आणि ओटावाला ती सगळी वेळेत पाडणे शक्य नव्हते, म्हणून निकेलच्या डाइमचा बराच भाग अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीत पाडून घेण्यात आला. नाण्यावर टांकसाळीची खूण नाही, तेव्हा ओळखायचे ते कडेवरच्या खाचांवरून. ओटावाच्या खाचा खाली निमुळत्या, इंग्रजी ‘व्ही’सारख्या असतात, फिलाडेल्फियाच्या खाचांचा तळ सपाट, चौकोनी असतो. नाणे उभे धरून बाजूने उजेड पाडला आणि भिंग लावले की एका नजरेत कळते. आपल्या डब्यातल्या दोन नाण्यांच्या कडा शेजारी शेजारी धरून पाहा, कारण चांदीचा ओटावाचाच असणार आणि तुलनेला तो तयार आहे. दोन्ही प्रकार विपुल आहेत, म्हणून किमतीत भर पडणार नाही.

दांडियाबाजारकर (बडोदा) :

आत्ताच पाहिले. चिकटलेल्याच्या खाचांचा तळ सपाट आहे. फिलाडेल्फियाच!

आता एवढेच विचारतो की चुंबकाला चिकटलेल्या बाकीच्या चिल्लरचे काय करावे?

रावपुऱ्याची लेक (मिसिसागा) :

ती बरोबर घेऊन या. निकेलची असोत वा पोलादाची, इथे सगळी चालतात. फक्त दुकानात सेंट आता कुणी घेत नाही, कारण २०१३ पासून त्याचे वाटपच बंद आहे, तो बँकेत भरावा. क्वार्टरमधून आधी १९९१ आणि १९७३ ही दोन साले नातवंडांकडून वाचून घ्या आणि उरलेले मुलीच्या खात्यात भरा, त्याच रकमेत पहिला रोल निघेल. डबा मात्र हातातल्या बॅगेत वरच्या बाजूला ठेवा, कारण सुरक्षा तपासणीत नाण्यांचा गठ्ठा पडद्यावर काळा दिसतो आणि बॅग उघडायला सांगतात.